खोडदच्या डेटातून कृष्णविवराच्या खुणा: घरच्या लॅपटॉपवर पहिलं रेडिओ चित्र कसं बनवायचं

पुण्याहून नाशिकला जाताना नारायणगावात उजवीकडे खोडदचा रस्ता लागतो. ऊस, द्राक्षं आणि टोमॅटोच्या वावरांमधून थोडं आत गेलं की झाडांच्या वर प्रचंड जाळीदार डिश दिसायला लागतात. अशा ३० अँटेना आहेत, प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. ही जीएमआरटी, म्हणजे जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप. प्रा. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून ती उभी राहिली आणि पुण्याचं राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र, म्हणजे एनसीआरए, ती चालवतं.

या दुर्बिणीने घेतलेला डेटा सर्वसाधारणपणे १८ महिन्यांनी कुणालाही फुकट मिळतो, हे मात्र फार थोड्यांना माहीत असतं. मी पदवी महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो. दरवर्षी दोन-तीन मुलं येऊन विचारतात, "सर, कृष्णविवरांवर काम करायचंय, सुरुवात कुठून करू?" त्यांना तोंडी सांगून सांगून जे पाठ झालंय तेच इथे लिहितो.

लागणारं सामान: लिनक्स चालणारा लॅपटॉप, शक्यतो १६ जीबी रॅमचा, दोन-तीनशे जीबी मोकळी जागा आणि बारावीपर्यंतचं भौतिकशास्त्र. पैसे लागत नाहीत. वेळ भरपूर लागतो.

आधी गैरसमज काढून टाका

बहुतेकांच्या डोळ्यांसमोर १० एप्रिल २०१९ रोजी प्रसिद्ध झालेलं ते नारिंगी कडं असतं, एम८७ दीर्घिकेतल्या कृष्णविवराच्या सावलीचं. ते काम इव्हेंट होरायझन टेलिस्कोपचं. जगभर विखुरलेल्या आठ दुर्बिणी १.३ मिलिमीटर तरंगलांबीवर एकत्र वापरल्या तेव्हा ते कडं दिसलं. जीएमआरटीत तसं काही दिसणार नाही. तिच्या सर्वांत दूरच्या दोन अँटेनांमधलं अंतर २५ किलोमीटरच्या आसपास आहे. ६१० मेगाहर्ट्झला तिला साधारण ५ विकलांपर्यंतचा तपशील दिसतो (अंशाचा साठावा भाग म्हणजे कला, कलेचा साठावा भाग म्हणजे विकला). रुपयाचं नाणं ९०० मीटरवर धरलं तर जेवढं दिसेल, तेवढा.

मग तिच्यात काय दिसतं? कृष्णविवराने केलेला पसारा. दीर्घिकेच्या मध्यावर बसलेलं कृष्णविवर वायू गिळताना दोन विरुद्ध दिशांना इलेक्ट्रॉनचे झोत फेकतं. हे झोत दीर्घिकेच्या पार बाहेर जाऊन फुग्यांसारखे पसरतात. या फुग्यांना आपण पाळी म्हणू. चुंबकीय क्षेत्रात गिरक्या घेणारे इलेक्ट्रॉन रेडिओ लहरी सोडत राहतात, आणि कमी वारंवारतेला ते कोट्यवधी वर्षं दिसत राहतात. झोत बंद पडला तरी पाळी उरतात. त्यामुळे कृष्णविवराचा आजचा चेहरा आपल्याला दिसला नाही, तरी त्याचा जुना जमाखर्च वाचता येतो. मला स्वतःला तोच जास्त रंजक वाटतो.

अशा दोन पाळी असतात हे कळलं १९५३ मध्ये. इंग्लंडमधल्या जॉड्रेल बँकला रॉजर जेनिसन आणि आपले मृणालकुमार दासगुप्ता यांनी सिग्नस ए या स्रोताचे दोन वेगळे भाग दाखवून दिले. पाठ्यपुस्तकात दासगुप्तांचं नाव क्वचितच येतं, म्हणून मी ते मुद्दाम सांगतो.

पहिली पायरी: डेटा नको, आधी आकाश बघा

नवशिके पहिल्याच दिवशी डेटा उतरवायला बसतात आणि आठवड्याभरात कंटाळतात. त्याआधी आठ दिवस तयार नकाशे चाळा. ॲलाडिन लाइट हा आकाशाचा ऑनलाइन नकाशा ब्राउझरमध्येच चालतो, काही बसवावं लागत नाही. त्यात हर्क्युलिस ए हे नाव टाका. आधी दृश्य प्रकाशातलं चित्र बघा: एक पिवळसर, गोलसर, अगदीच सामान्य दिसणारी दीर्घिका. आता त्याच जागी टीजीएसएसचा थर लावा. हे जीएमआरटीने १५० मेगाहर्ट्झला केलेलं आकाशाचं सर्वेक्षण आहे. ती दीर्घिका झाकली जाईल आणि पूर्व-पश्चिम पसरलेला भलामोठा लांबट पट्टा दिसेल. सुमारे २ अब्ज प्रकाशवर्षं दूर असलेला हा पसारा १५ लाख प्रकाशवर्षं लांब आहे. आपली आकाशगंगा १ लाख प्रकाशवर्षांच्या आसपास, म्हणजे तिच्यासारख्या पंधरा ओळीने मांडाव्या लागतील.

मग एनव्हीएसएसचा थर लावा. हे अमेरिकेतल्या व्हीएलए या दुर्बीणसंचाचं १४०० मेगाहर्ट्झचं सर्वेक्षण. आता एकाच वस्तूची दोन वारंवारतांवरची मापं तुमच्या हातात आली. त्यांतून वर्णपटाचा उतार काढता येतो, आणि या क्षेत्रातलं ते पहिलं खरं गणित. समजा एखादा स्रोत १५० ला १ जान्स्की (हे रेडिओ तेजाचं एकक) आणि १४०० ला ०.२ जान्स्की आहे. दोन्हींचं गुणोत्तर ५, त्याचा लॉग ०.७०. वारंवारतांचं गुणोत्तर ९.३३, त्याचा लॉग ०.९७. भागाकार ०.७२. ही नेहमीची, धडधाकट रेडिओ दीर्घिका. उतार १.३ च्या पुढे गेला की कान टवकारा. एक तर त्या पाळी म्हाताऱ्या झाल्यात, कारण जास्त ऊर्जेचे इलेक्ट्रॉन आधी थकतात आणि वरची वारंवारता आधी विझते, किंवा दीर्घिका फारच दूर असू शकते. हर्क्युलिस ए चा उतार १ च्या आसपास येतो. काढून बघा.

एवढंच करूनही संशोधनात हातभार लावता येतो. डॉ. आनंद होता या खगोलशास्त्रज्ञांनी २०१३ मध्ये सुरू केलेला रॅड ॲट होम हा उपक्रम नेमका असाच चालतो. पदवीधर लोक घरबसल्या रेडिओ आणि दृश्य प्रकाशातली चित्रं एकमेकांवर ठेवून वेगळं काही दिसतंय का ते शोधतात. लॅपटॉप जुना असेल तर इथेच थांबा, यात कमीपणा काही नाही.

दुसरी पायरी: दुर्बीण चित्र काढत नाही हे पचवा

कॅमेऱ्यासारखं चित्र इथे मिळतच नाही. दोन अँटेनांच्या प्रत्येक जोडीकडून एकेक संख्या येते, तिला एक मोठेपणा असतो आणि एक कला, म्हणजे लहर आपल्या चढउतारात कुठे आहे ते (कोनाची कला वेगळी). ३० अँटेनांच्या जोड्या ४३५. जवळची जोडी पसरट आकार टिपते, लांबची जोडी बारकावे टिपते. म्हणून १४ अँटेना मध्यभागी साधारण एक किलोमीटरच्या चौकात दाटीवाटीने आहेत आणि १६ इंग्रजी वाय अक्षरासारख्या तीन भुजांवर लांब गेलेल्या आहेत. पृथ्वी फिरते तशा या जोड्या आकाशाच्या दृष्टीने दिशा आणि लांबी बदलत राहतात. त्यामुळे आठ तास बघितलेल्या स्रोताचं चित्र अर्ध्या तासाच्या चित्रापेक्षा खूप भरीव येतं. मार्टिन राइल यांना १९७४ चं नोबेल मिळालं त्यामागे हीच युक्ती होती.

तिसरी पायरी: अर्काइव्हमधून काय उचलायचं

जीएमआरटीच्या ऑनलाइन अर्काइव्हवर खातं उघडा, स्रोताचं नाव किंवा निर्देशांक टाका. यादी येईल. इथली निवड चुकली की पुढचे दोन महिने वाया, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

अपग्रेडनंतरचा डेटा मोहक असतो, चारशे मेगाहर्ट्झपर्यंतचा रुंद पट्टा एकदम मिळतो. पण फाइलही तशीच दांडगी. पहिल्या खेपेला जुना, ३२ मेगाहर्ट्झ रुंदीचा, ६१० मेगाहर्ट्झचा डेटा घ्या. फाइल काही जीबीत आटोपते. १५० ला हात लावू नका. तिथे आयनोस्फिअर, म्हणजे वातावरणाचा वरचा विद्युतभारित थर, छळतो आणि क्षेत्रही तीन अंशांहून मोठं असतं. १४०० ला बारकावे छान येतात, पण म्हाताऱ्या पाळी फिक्या पडतात. ६१० ला एका वेळी सुमारे ४३ कला (कोनाच्या) रुंदीचं आकाश दिसतं, पूर्ण चंद्राच्या दीडपट. हे माप नवशिक्याला झेपतं.

स्रोत मध्यम तेजाचा निवडा, काहीशे मिलिजान्स्की ते दोन-तीन जान्स्की. हर्क्युलिस ए सारखा भडक स्रोत सोपा वाटतो, पण त्याच्याभोवतीच्या रेघोट्या काढता काढता नाकीनऊ येतात.

मग निरीक्षणाची नोंद वाचा. सुरुवातीला किंवा शेवटी ३सी४८, ३सी१४७ किंवा ३सी२८६ या तेज ठाऊक असलेल्या स्रोतांपैकी एखादा दहा-पंधरा मिनिटं बघितलाय का? मधूनमधून, अर्ध्या-पाऊण तासाने, जवळचा एखादा ठिपक्यासारखा स्रोत बघितलाय का? किती अँटेना चालू होत्या? २६ पेक्षा कमी असतील तर दुसरा दिवस शोधा. लांबच्या भुजांवरच्या दोन-तीन बंद असतील तर नुकसान जास्त, कारण बारकावे त्यांच्याकडूनच येतात.

फाइल एलटीए या घरच्या फॉरमॅटमध्ये येते. लिस्टस्कॅन आणि जीव्हीफिट्स या दोन छोट्या आज्ञावलींनी ती फिट्स या खगोलशास्त्रातल्या नेहमीच्या फॉरमॅटमध्ये बदला आणि कासा या मोफत सॉफ्टवेअरमध्ये घ्या. यात शिकण्यासारखं काही नाही, सूचना पाळा आणि पुढे चला.

चौथी पायरी: निवडणं

आजी सुपात तांदूळ घेऊन खडे निवडते ना, तेच काम. रेडिओ खगोलशास्त्रातला निम्म्याहून जास्त वेळ यातच जातो. कंटाळवाणं वाटेल, पण चित्राचा दर्जा इथेच ठरतो.

कासात प्लॉटएमएस हे आलेख काढणारं साधन उघडा. आधी फक्त ३सी स्रोताचा डेटा घ्या, मोठेपणा उभा आणि वेळ आडवा. ठिपक्यासारख्या, तेजस्वी स्रोताला सगळ्या जोड्यांकडून साधारण सारखं उत्तर यायला हवं. एखाद्या अँटेनाच्या सगळ्या जोड्या तळाशी चिकटल्या असतील तर ती अँटेना त्या दिवशी झोपलेली होती, काढून टाका. अँटेनांची नावं बघून गोंधळू नका: मध्यल्या चौकातल्या सी अक्षराने सुरू होतात, भुजांवरच्या ई, एस आणि डब्ल्यूने. सी०७, ई०१ आणि एस०५ सापडणार नाहीत, कारण त्या नाहीतच. माझा एक विद्यार्थी दोन तास सी०७ शोधत बसला होता.

मग मोठेपणा विरुद्ध चॅनेल, म्हणजे वारंवारतेच्या पट्ट्याचे बारीक तुकडे. यात अरुंद, उंच सुळके दिसतील. हे आकाशातून आलेले नाहीत. मोबाईल टॉवर, उपग्रह, विमानं, आणि खांबावरच्या विजेच्या तारांवर उडणाऱ्या ठिणग्या यांची ही देणगी. ठिणग्यांचा गोंगाट एका चॅनेलवर न थांबता सगळीकडे पसरतो, म्हणून तो सुळक्यापेक्षा जास्त त्रास देतो. रुंद पट्ट्याच्या डेटात ३६० ते ३८० मेगाहर्ट्झच्या आसपास उपग्रहांचे गठ्ठे भेटतील, आणि १०९० ला विमानांची बडबड.

फ्लॅगडेटा या आज्ञेत टीएफक्रॉप आणि आरफ्लॅग असे दोन स्वयंचलित मार्ग आहेत. वापरा, पण क्रम पाळा: आधी प्रत्येक स्कॅनची पहिली काही सेकंदं काढा, कारण अँटेना तेव्हा नीट स्थिरावलेल्या नसतात. मग मेलेल्या अँटेना हाताने, मग टीएफक्रॉप. आरफ्लॅग कॅलिब्रेशन झाल्यावर. प्रत्येक वेळी किती टक्के डेटा गेला ते वहीत लिहा. एकूण २०-३० टक्के जाणं नेहमीचं आहे. ६० टक्के गेला तर एक तर दिवस खराब होता किंवा तुमचा हात जड आहे.

पाचवी पायरी: काटा जुळवणं

वाण्याचा काटा खरा आहे का ते आपण प्रमाणित वजन टाकून बघतो. ३सी२८६ हे तसं वजन. त्याचं तेज प्रत्येक वारंवारतेला किती हे ठाऊक आहे, सेटजेवाय ही आज्ञा ते मांडते. त्यावरून प्रत्येक अँटेनाचा विलंब आणि प्रत्येक चॅनेलचा प्रतिसाद काढायचा. मग जवळच्या ठिपकेवजा स्रोतावरून वेळेनुसार होणारे बदल काढायचे आणि ते आपल्या दीर्घिकेला लावायचे. संदर्भ अँटेना, म्हणजे जिच्या तुलनेत बाकीच्या मोजायच्या ती, मध्यल्या चौकातलीच घ्या, दिवसभर नीट चाललेली.

प्रत्येक उत्तराचा आलेख बघा. कला वेळेनुसार सावकाश सरकायला हवी, बेडकासारख्या उड्या मारता कामा नयेत. उड्या मारणारी अँटेना दिसली की चौथ्या पायरीवर परत. हे मागे-पुढे तीन-चारदा होतंच. या सगळ्या पायऱ्या आपोआप करणारी कॅप्चर नावाची तयार आज्ञावली एनसीआरएच्याच संशोधकांनी लिहिली आहे. माझं मत विचाराल तर पहिला डेटा हाताने करा, दुसऱ्यापासून ती वापरा.

सहावी पायरी: चित्र

आज्ञा टीक्लीन. ६१० ला चित्रातल्या चौकोनाचा, म्हणजे पिक्सेलचा, आकार १ विकला ठेवा, म्हणजे ५ विकलांच्या ठिपक्यावर पाच चौकोन बसतील. चित्र ४०९६ गुणिले ४०९६, म्हणजे मुख्य क्षेत्राबाहेरचे तेजस्वी स्रोतही आत येतील. बाहेर राहिले तर त्यांच्या लाटा तुमच्या दीर्घिकेवर येऊन आपटतात. टीक्लीनच्या बाकी सेटिंग्ज: ग्रिडर डब्ल्यूप्रोजेक्ट, रोबस्ट ०. पहिल्यांदा सफाईची एकही फेरी न करता कच्चं चित्र काढा. ठिपक्यांभोवती तारामाशासारख्या नक्षी दिसतील, ती जोड्यांच्या अपुरेपणाची सही. जान होगबोम यांनी १९७४ मध्ये मांडलेली क्लीन पद्धत ती नक्षी ठिपक्याठिपक्याने वजा करत जाते.

मग स्वतःच्याच चित्रावरून कला पुन्हा सुधारायच्या, त्याला सेल्फकॅल म्हणतात. तीन-चार फेऱ्या फक्त कलेच्या, शेवटी एखादी मोठेपणाची. दर फेरीला पार्श्वभूमीचा गोंगाट कमी व्हायला हवा आणि स्रोताचं तेज जवळपास तेवढंच राहायला हवं. तेज घसरायला लागलं की थांबा.

इथे माझी फजिती सांगतो. एका दीर्घिकेच्या दोन्ही बाजूंना आम्हाला बारीक, सरळ रेघ दिसली. झोत! आठ दिवस मी आणि विद्यार्थिनी हवेत होतो, प्रबंधाचं नावही ठरलं. नवव्या दिवशी तिने सहज चित्राचा रिकामा कोपरा मोठा करून बघितला. तिथेही तशीच रेघ, आणि तिच्यापुढे ठरावीक अंतरावर आणखी एक. अख्ख्या चित्रावर पन्हाळी पत्र्यासारख्या समांतर रेघा होत्या आणि त्यातली एक आमच्या दीर्घिकेवरून जात होती एवढंच. गुन्हेगार निघाली एकच जोडी, जेमतेम दहा मिनिटं बिघडलेली. चौथ्या पायरीत राहून गेलेला एक खडा.

तेव्हापासून नियम केला: काही नवं दिसलं की आधी कोपरे बघायचे. मग डेटाचे वेळेनुसार दोन भाग करून दोन चित्रं काढायची. खरी वस्तू दोन्हींत असते.

शेवटी प्रायमरी बीमची दुरुस्ती विसरू नका. अँटेना मध्याकडे जास्त आणि कडेला कमी बघते, त्यामुळे कडेचे स्रोत असतात त्यापेक्षा मंद दिसतात. जमल्यास आसपासच्या दहा-वीस ठिपक्यांच्या जागा एनव्हीएसएसशी पडताळा.

सातवी पायरी: वाचन

चित्र दृश्य प्रकाशातल्या चित्रावर ठेवा. यजमान दीर्घिका कुठली? सहसा दोन पाळींच्या मध्ये कुठेतरी, पण नेमकी मध्यावर असेलच असं नाही. तेज पाळींच्या बाहेरच्या टोकांना एकवटलंय की मध्याजवळ जास्त असून बाहेर विरत गेलंय? पहिला प्रकार एफआर-२, दुसरा एफआर-१. फॅनारॉफ आणि रायली यांनी १९७४ मध्ये केलेली ही विभागणी आजही कामाला येते.

आत छोट्या पाळींची जोडी आणि बाहेर फिकट, मोठी जोडी दिसली तर कृष्णविवर मध्ये विझून पुन्हा पेटलं असावं. स्पेका हे असं एक नामी उदाहरण, २०११ मध्ये प्रसिद्ध झालेलं. त्यात जीएमआरटीचा डेटा होता आणि गंमत म्हणजे यजमान दीर्घिका सर्पिल आहे. अशा पाळी सहसा लंबगोल दीर्घिकांभोवती मिळतात. २०२० मध्ये भुजंगधारी दीर्घिकासमूहातल्या एका प्रचंड जुन्या उद्रेकाची खात्री पटली ती अशाच फिकट पसाऱ्यामुळे. क्ष-किरण दुर्बिणींना वायूमध्ये पोकळीची कड दिसत होती आणि त्या पोकळीत जुने इलेक्ट्रॉन भरलेत हे ऑस्ट्रेलियातल्या एमडब्ल्यूए आणि आपल्या जीएमआरटीच्या डेटातून दिसलं.

पुढे: स्वतःची वेळ मागणं

अर्काइव्हमध्ये नसलेलं काही हवं असेल तर दुर्बिणीवर वेळ मागता येते. प्रस्ताव वर्षातून दोनदा घेतात, १५ जानेवारी आणि १५ जुलै या नेहमीच्या मुदती. जगातून कुणीही पाठवू शकतं आणि निवड गुणवत्तेवर होते. प्रस्तावात तीन गोष्टी स्पष्ट हव्यात: प्रश्न काय, ही वारंवारताच का, आणि किती तासांत किती गोंगाटापर्यंत पोहोचाल याचं गणित. पहिला प्रस्ताव एकट्याने लिहू नका, अनुभवी कुणाला तरी सोबत घ्या. माझा पहिला तिसऱ्या कारणासाठी परत आला होता. तास मी अंदाजपंचे लिहिले होते.

प्रत्यक्ष बघायचं असेल तर विज्ञान दिनाच्या सुमारास, २८ फेब्रुवारीला, खोडदला प्रदर्शन भरतं. त्या वर्षीच्या तारखा आधी बघून जा. नारायणगावात मिसळ खाऊन घ्या आणि आवारात शिरण्याआधी मोबाईल बंद करा. नाहीतर कुणाच्या तरी डेटात तुमचा सुळका येईल आणि तो निवडत बसावं लागेल.